अमावास्येचं पाणी

अमावास्येच्या उधाणाचं पाणी आत घ्यायला
आगरवाड्यात कुणीतरी जागं लागतं.
यंदाही मीच.
मानशीची फळी वर ओढली,
शापोरा खळखळत मिठागरात शिरली,
मग निवळली,
आणि वीतभर पाण्यात
अख्खं आभाळ येऊन बसलं, पाय न भिजवता.

मोपाला विमान उतरतं तेव्हा
त्यातला एक तारा हलतो.
बाकीचे आपापल्या जागी.

पुतण्या विचारतो, काका, तू खरंच मानतोस?
तिथं कुणी असेल?
विशांतच्या मोबाइलवर तबकड्या आहेत,
मोठ्या डोळ्यांची हिरवी माणसं.
म्हटलं, मानतो.
पण ह्यांच्यामुळे नव्हे.
बोस्त्यांवमुळे.

दहा वर्षांचा असेन. बापासोबत बांधावर.
त्याचा डोळा लागला की मी कंदील उचलायचो, तीनदा,
उगाच, काळोखाला दाखवायला.
एके रात्री पलीकडून, शिवोलीच्या काठावरून,
एक उजेड वर झाला.
एकदा.
दोनदा.
तीनदा.

अंगावर तेव्हा आलेला काटा
अजून पुरता बसलेला नाही.

आई म्हणाली, देवचार असेल,
दिवटी घेऊन राखण करत फिरतो तो बांधांवरून,
त्याच्याशी खाणाखुणा करू नकोस,
रोट ठेव, फेणी ठेव, गप घरी ये.
मास्तर म्हणाले, पाण्यावरचा भास,
तुझाच कंदील तुला परत.
मी दोघांनाही हो म्हटलं
आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा कंदील उचलला.

तीन वर्षं.
कधी उत्तर लगेच,
कधी बापाच्या दोन विड्या संपतील इतक्या उशिरा,
कधी रात्रभर नाहीच.
मग मी रुसायचो,
ज्याचं नावही ठाऊक नाही अशा कुणावर.

पूल झाला तोवर मिशीत पांढरा केस आला होता.
सायकल काढून गेलो पलीकडे.
दारोदार विचारत.
बोस्त्यांव ओसरीवर जाळं शिवत बसला होता,
दात नव्हते, हसला तर सगळं तोंड हसायचं.
'खूण? कसली खूण, पुता?
मी कुर्ल्या बघायचो.
सापळा वर काढायचा, उजेड धरायचा,
लहान असली तर परत पाण्यात.
तुझा कंदील?
ना बाबा. कधी दिसला नाही.'

परतताना पुलाच्या मध्यावर सायकल उभी केली.
वाटलं होतं रडू येईल.
आलं नाही.
खूण माझ्यासाठी नव्हती.
पण माणूस होता.
इतक्या रात्री खरोखरच त्या बाजूला
एक माणूस जागा होता, ओल्या हातांचा,
आपल्या कुर्ल्यांत गुंग.

एवढ्यावरच उभा आहे माझा विश्वास, विशांत,
ह्या बांधासारखा, चिखल आणि गवत,
दर पावसाळ्यात थोडा खचतो,
दरसाल लिंपावा लागतो.

ती बघ स्वाती. तिच्या डावीकडे तो बारीक,
ज्याला आमच्यात नावसुद्धा नाही.
तिथं कुठल्याशा पाण्याकाठी कुणी वाकलेलं असेल.
हात असतील की नाही कोण जाणे.
दोन चंद्र ओढत असतील त्याचं उधाण.
आपण त्याला ठाऊक नाही,
आपली वाटही बघत नाही ते,
काहीतरी उजेडात धरून पारखत असेल,
लहान ते परत सोडत.

विशांत काही बोलला नाही.
मोबाइल पालथा ठेवला मिठाच्या राशीवर.
जरा वेळानं विजेरी घेतली,
मला वाटलं, वाटेत साप आहे का बघतोय.
वर धरली.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा धरण्याआधी माझ्याकडे पाहिलं, लाजून.

मी मानशीकडे वळलो.
पाणी फिरलं होतं,
फळी खाली घ्यायला हवी होती.